नुसती पुडी

टाकेवालीला नवऱ्याच्या सदऱ्याला वास आला तरी संशय यायचा, आणि नाही आला तरी यायचा. वास आला तर तो कुणाचा, आणि नाही आला तर एवढा लख्ख सदरा धुऊन दिला कुणी? लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. नवरा कापणीच्या मोठ्या मशीनवर ड्रायव्हर, हंगामात गावोगाव फिरणारा, अंगाने उंच आणि बोलायला गोड. असा नवरा पदरात पडलेल्या बाईने डोळ्यात तेल घालून बसायला नको का? ती बसायची. त्याच्या खिशात काडेपेटी सापडली तरी ती उलटून पाहायची. सासू म्हणायची, "अगं, उद्या त्याच्या खिशात मेलेला मुंगळा सापडला तरी विचारशील, हा नर की मादी!"

स्वतः ती धान्याच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायची. हातात दाभण, कमरेला सुतळीचा गुंडा आणि समोर भरलेल्या पोत्यांची रांग. बाकीच्या बाया सरळ टाके घालून मोकळ्या व्हायच्या. ही तिरपा टाका घालायची, शेवटी थोडी मागे फिरायची आणि सुतळीचं टोक आत दाबून टाकायची. तिचं पोतं ट्रकवरून खाली आदळलं तरी उसवायचं नाही. त्यावरून तिला टाकेवाली म्हणायला लागले. वरवर ती म्हणायची, लोकांना उद्योग नाही. पण मनातून तिला ते नाव आवडायचं.

त्या वर्षी गहू एकदम पिकून उभा राहिला आणि नेमकं तेव्हाच आभाळ रोज दुपारनंतर काळवंडायला लागलं. ओंब्या हातात घेतल्या तरी गळत होत्या. एक जोराची सर आली असती तर उभं पीक आडवं झालं असतं, म्हणून जो तो मशीनच्या मालकाच्या दारात. आधी माझं रान घ्या, आधी माझं. मालकाने ड्रायव्हरला सांगून टाकलं, "पाऊस पडेपर्यंत मशीन थांबवायचं नाही. झोप काय, पुढे आहेच." आणि मशीन थांबलं नाही. या रानातून त्या रानात ते फिरतच राहिलं. भुसा उडून लांबवरची झाडंसुद्धा पिवळी दिसायला लागली.

ड्रायव्हर मधूनच सकाळचा घरी यायचा. खरं तर मोडून पडलेला यायला हवा होता. हा उजळून यायचा. केसांत, भुवयांत, कानांत भुसा, ओठ फुटलेले, पण डोळे असे मोठे की जणू आत्ताच कुणी चांगली बातमी दिली आहे. सारखा बोलायचा. दात एकमेकांवर घासायचा, तोंडात काही नसताना जबडा चालूच. ताट समोर ठेवलं तर भात चिवडून उठायचा, आणि मोरीतला गळका नळ उघडून बसायचा. नळ सुटा करायचा, पुसायचा, जोडायचा, परत सुटा करायचा. नळ आधी गळत होता तेवढाच नंतरही गळायचा.

"जेवून आलात वाटतं?" टाकेवाली दारातून विचारायची.

"नाही गं. भूकच नाही."

"काल पण नव्हती. परवा पण नव्हती. एवढं कुणाच्या हातचं गोड लागतंय?"

"मशीनच्या," तो म्हणायचा आणि हसायचा. मग पोरीला उचलून गरागरा फिरवायचा. पोरगी एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. ती खिदळायची, आणि टाकेवाली बघता बघता हिशेब मांडायची. हिशेब सोपा होता. घरी जेवत नाही म्हणजे दुसरीकडे जेवतो. घरी झोपत नाही म्हणजे दुसरीकडे झोपतो. आणि एवढा खूश दिसतो, म्हणजे ती दुसरीकडची आपल्यापेक्षा बरी आहे. हे शेवटचं तिला फार लागलं. ती गोदामात दाभण अशी खुपसायला लागली, की शेजारची बाई म्हणाली, "अगं हळू, पोतं आहे ते, सवत नाही."

सवत कोण हे तिने ठरवूनच टाकलं होतं. वजनकाट्याजवळ एक चहावाली होती. नवरा गेलेली, गडगडून हसणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. मशीनमधून काढलेल्या गव्हाची ट्रॉली ड्रायव्हर कधी कधी स्वतःच काट्यावर आणायचा, आणि ती वजनाला लावली की चहावालीच्या टपरीकडे जायचा, हे टाकेवालीने गोदामाच्या दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी तिने दाभण तशीच पोत्यात टोचून ठेवली आणि तावातावाने टपरीवर गेली.

"बस," चहावाली म्हणाली.

"बसायला नाही आले. माझ्या नवऱ्याला काय पाजतेस ते विचारायला आले."

चहावालीने स्टोव्ह बारीक केला. टपरीवर तेव्हा कुणी नव्हतं. "पाणी," ती म्हणाली. "चहाला तो हात लावत नाही. तांब्याच्या तांब्या पाणी पितो आणि तरी म्हणतो तोंड कोरडं पडलंय. तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"अगं, पुडी घेतो तो. पांढरी पावडर असते. डिझेलवाला डिझेलच्या कॅनबरोबर रानात पोचवतो. झोप मरते, भूक मरते, माणूस मशीनवरून उतरतच नाही. मालकाला माहितीये. मालकाला तेच पाहिजे."

टाकेवालीच्या डोक्यात एकच गोष्ट पोचली होती. "म्हणजे बाई नाही?"

"बाई असती तर बरं झालं असतं," चहावाली म्हणाली. "बाईकडून माणूस कधीतरी घरी येतो. ऐक माझं, हे सोपं नाही—"

पण टाकेवाली ऐकायला थांबलीच नव्हती. रस्त्याने येताना तिला अंग हलकं वाटत होतं. बाई नाही! नुसती पुडी! इतके दिवस उगाच जीव जाळला. त्या संध्याकाळी तिने घरात गोड केलं, आणि सासूने विचारलं कशाबद्दल, तर सगळं सांगून टाकलं.

"दारू नाही ना?" सासूने विचारलं. सासूचा नवरा दारूने गेला होता.

"नाही हो आई. वाससुद्धा नाही. पावडर आहे, झोप येऊ नये म्हणून."

"मग काय एवढं? हंगाम संपला की सुटेल." सासूने बोट चाटलं. "गोड जरा जास्त झालंय."

दोघींची चूक झाली ती इथे. इतकी वर्षं त्या घरात भीती एकाच गोष्टीची होती. ती खोटी निघाली म्हटल्यावर जे खरं होतं त्याला दोघींनी पाट मांडला. टाकेवाली तर एक पाऊल पुढेच गेली. एक दिवस पुड्यांना दव लागून त्या ओल्या झाल्या आणि ड्रायव्हरने रागाने बादली भिरकावली. तेव्हा ती म्हणाली, "रानात कशाला ठेवता? इकडे आणून द्या, मी नीट ठेवते." आणि सुतळीच्या डब्यात, गुंड्यांच्या खाली, तिने त्या कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. काळजीपोटी केलं असं ती स्वतःला सांगायची, पण खरं कारण तिला ठाऊक होतं. पुडी घरात असली की नवऱ्याला घरी यावंच लागायचं. कुठल्याही रानात असो, कितीही लांब असो, तो यायचा. त्या चहावालीकडेही न थांबता सरळ घरी. डबा उघडताना टाकेवालीला जिंकल्यासारखं वाटायचं.

आता ड्रायव्हर वेळी अवेळी यायला लागला. सदरा खांद्यावर सैल लोंबायला लागला, गालफडं आत गेली, हाताला खाजवून खाजवून बारीक फोड आले. पूर्वी सारखा बोलायचा तो आता सारखा ऐकायचा. ओसरीत बसून रस्त्यावरची पावलं ऐकायचा. कुणी गेलं की विचारायचा, "कोण होता?"

"मला काय माहीत? रस्ता आहे तो."

"आपल्या घरापाशी हळू झाला."

अशात एक दिवस वजनकाट्यावर एक गंमत झाली. गोदामात एक हमाल होता. काडीसारखा किडकिडीत, म्हणून त्याचं नाव पैलवान. ट्रॉलीजवळ उभ्या ड्रायव्हरला तो मोकळ्या मनाने म्हणाला, "दादा, वहिनींच्या हाताला तोड नाही. मी तर त्यांचीच पोती आधी उचलतो. पाठीवर कधी उसवत नाहीत." आजूबाजूचे हमालही हो म्हणाले. कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. ड्रायव्हरसुद्धा हसला.

घरी येऊन मात्र त्याने हातपाय धुतले नाहीत. टाकेवाली भांडी घासत होती, तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पैलवानला तुझी पोती कशी ओळखू येतात?"

"टाक्यावरून. माझा टाका तिरपा असतो ना."

"म्हणजे तो तुझा टाका बघत बसतो."

"अहो, पाठीवर घेतो तर बघेल नाही तर काय?"

"आणि तुझीच का आधी उचलतो?"

खरं सांगायचं तर टाकेवालीला तेव्हा गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं या घरात ती एकटीच जळत होती. आज पहिल्यांदा नवरा तिच्यावरून जळत होता. तिने राखेने भरलेलं बोट त्याच्या नाकाला लावलं आणि लाडात येऊन म्हणाली, "उचलतो खरा. आता त्याला मी नाही कशी म्हणू बाई? तुम्हाला का एवढं झोंबलं?"

चापट एवढ्या जोरात बसली की हातातलं पातेलं मोरीच्या भिंतीवर आपटलं. सासू बाहेर आली. भिंगरी दारात उभी राहिली. ड्रायव्हर स्वतःच्या हाताकडे बघत होता, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे. मग तो उठला, सुतळीच्या डब्यातून त्याचं काय ते घेतलं आणि मशीनवर निघून गेला.

"थकलाय गं," सासू म्हणाली. "झोप नाही, अन्न नाही. माणसाचं डोकं फिरतंच. पाऊस पडला की ताळ्यावर येईल." तिने मीठ घातलेलं कोमट पाणी आणून दिलं. टाकेवालीने गुळणी केली. तिचाही तोच विचार होता. पुडीमुळे होतंय, पुडी आपणच जपतोय, आणि हंगाम काय आज आहे, उद्या नाही.

पण रोज विचारणं सुरू झालं. पैलवान आज काय म्हणाला, कुठे उभा होता, कुठल्या हाताने पोतं धरलं. ती शपथा घ्यायची, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायची. तो तेवढ्यापुरता शांत व्हायचा, पाणी प्यायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा. चापटीचा ठोसा झाला, ठोशाची लाथ झाली. जागा तो अशा शोधायचा की कपड्याखाली झाकून जावी. एवढी शुद्ध त्याला असायची. हे टाकेवालीच्या लक्षात आलं होतं, पण तिने त्यावर फार विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठे होता? ती उत्तरं तयार करण्यात गुंतली होती. गोदामात पोतं शिवतानाही ती मनात म्हणायची, आज असं सांगेन, म्हणजे पटेल.

शेवटी तिला एक उपाय सुचला. तो तिच्यासारख्या बाईलाच सुचावा असा होता. भांडण टाक्यावरून आहे ना, मग टाकाच बदलू. आपलं पोतं बाकीच्यांसारखं झालं, तर पैलवानला ते ओळखू येणार नाही. नाही ओळखलं तर आधी उचलणार नाही. मग नवऱ्याला बोलायला जागाच उरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सरळ टाके घालायला लागली. हात ऐकेना. बोटं आपोआप तिरपी वळायची, मग उसवून परत सरळ. सरळ टाक्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे तो नवशिक्या पोरीपेक्षाही ढिला पडायचा. शेजारची बाई म्हणाली, "हात दुखतोय का गं?" ती हो म्हणाली. हात खरंच दुखत होता, पण त्याचं कारण वेगळं होतं.

दुपारी थप्पी लावताना वरचं एक पोतं फुटलं. गहू पैलवानच्या डोक्यावरून, मानेवरून धो धो खाली आला आणि त्याचा पाय घसरला. तो बसकण मारून पडला. सगळे हसले. मुकादम हसला नाही. त्याने पोत्याचं तोंड हातात घेऊन बघितलं.

"हे कुणी शिवलं?"

"मी," टाकेवाली म्हणाली.

"तू?" मुकादमाला खरं वाटेना. मग त्याने पुढची पोती ओढून बघितली. एकेक टाका बोटाने उचलला तरी निघत होता. "डोकं ठिकाणावर आहे का? एवढं नाव आहे तुझं म्हणून मी तुझी पोती बघतसुद्धा नाही. हे काय करून ठेवलंस? भर तो गहू. हाताने भर. आणि उद्यापासून पोती झाडायला बस. शिवणं दुसरी करेल."

सगळ्यांच्या पायांमधून ती रांगत गहू गोळा करत राहिली. दाण्यांत खडे, माती, कुणाची थुंकी. पैलवान लंगडत आला आणि तिच्याबरोबर भरायला खाली बसला, तशी ती किंचाळली, "लांब हो!" पैलवान बिचारा घाबरून उभा राहिला. त्याला काही कळलं नाही. तिलाच फक्त माहीत होतं, की गोदामाच्या समोर रस्त्यावर नवऱ्याची ट्रॉली उभी आहे.

घरी ती जवळजवळ आनंदाने सांगायला गेली. "टाका बदलला मी. आता कुणाला कळणार नाही कुठलं पोतं माझं. मला शिवण्यावरून काढलंसुद्धा."

ड्रायव्हरचा जबडा चालायचा थांबला. "का बदललास?"

"तुम्हीच तर—"

"मी टाका बदल म्हणालो होतो? मी विचारलं होतं फक्त. काही नव्हतंच तर बदललास कशाला?" तो एकदम शांत झाला होता, अवघड गणित सुटल्यासारखा. "म्हणजे होतं. लपवायला बदललास."

टाकेवालीला ते बोलणं ओळखीचं वाटलं. वास आला तर कुणाचा, आणि नाही आला तर धुऊन कुणी दिला? हे तिचंच होतं. याला उत्तर नसतं, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? तिनेही नवऱ्याचं एकही उत्तर कधी पटवून घेतलं नव्हतं. फरक एवढाच, की तिचा संशय दिवसभर भणभणून रात्री तिच्याबरोबर झोपायचा आणि सकाळी अर्धा विसरलेला असायचा. तिने फार तर तोंड फुगवलं, ताट आपटलं. याचा संशय झोपतच नव्हता, आणि त्याला हात होते. त्या दिवशी त्याने तिला केसांना धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. बाहेरून सासू दार वाजवत राहिली.

पाठीला हळद चोपडताना सासू म्हणाली, "डबा दे माझ्याकडे. मी विहिरीत टाकते."

"टाकलात तर तो मारून टाकेल."

"आता काय करतोय?" सासू म्हणाली. पण डबा तिनेही टाकला नाही. टाकायचं धाडस दोघींच्यातही नव्हतं.

मग ते झालं. टाकेवाली पोती झाडून आली होती. नाकातोंडात धूळ, लाळसुद्धा मातीची. बघते तर ड्रायव्हर ओसरीत बसलेला, मांडीवर भिंगरी. रानात मशीन चालू सोडून आला होता. एवढ्या वर्षांत असं त्याने कधी केलं नव्हतं. जवळ मशीनचा तुटलेला रबरी पट्टा पडला होता, दुरुस्तीला आणलेला. तो पोरीच्या केसांतून हात फिरवत होता, आणि आवाज अगदी मऊ होता.

"परत सांग. पैलवानकाका आले होते ना?"

सासू खांबाला धरून उभी होती. "अरे, किती वेळ विचारशील लेकराला? दुपारपासून बसवलंयस. नाही म्हणतेय ना ती."

"तू गप बस. बोल पिल्ला. आले होते ना? खरं सांगितलंस की खेळायला जायचं."

भिंगरीने आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे. ती दमली होती. एका जागी कधी न बसणारी पोर, दुपारपासून मांडीवर धरून ठेवलेली. "हो," ती म्हणाली.

"आई काय म्हणाली त्यांना?"

"या म्हणाली." आणि बापाचा चेहरा उजळलेला पाहून तिला आणखी हुरूप आला. "चहा केला."

ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पोरीचा पापा घेतला आणि तिला खाली ठेवलं. "जा, खेळ." मग पट्टा उचलला.

टाकेवालीने हात वर घेतले तेवढंच. पट्टा मनगटावर बसला, मग खांद्यावर, मग कुठे कुठे. पळायचं तिला सुचलंच नाही. तिचं लक्ष पोरीकडे होतं. भिंगरी अंगणात गेलीच नव्हती. दाराच्या कडेला उभी राहून ती ओरडत होती, "नव्हते आले! नव्हते आले बाबा!" आणि तो पट्ट्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर म्हणत होता, "बघ, आता पोरीलाही शिकवलंस." सासू मधे पडली. त्याने तिला ढकललं, एखादी गोणी बाजूला सारावी तसं, बघितलंसुद्धा नाही. म्हातारी उंबऱ्यावर हातावर पडली आणि हाताचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यालाही तो ऐकू आला असावा. पट्टा टाकून तो निघून गेला, तसाच अनवाणी, मशीनच्या दिशेने.

मग आभाळ फुटलं. होतं ते बहुतेक पीक निघालं होतं, उरलं ते झोपलं. मशीन मालकाच्या शेडमध्ये गेलं, डिझेलवाल्याचं येणं थांबलं, डब्यातलं संपलं. ड्रायव्हर घरी आला आणि पडला तो पडलाच. असा झोपला की भिंगरीने लांबून काठी लावून बघितलं, जिवंत आहे का. मधे उठायचा, पाणी प्यायचा, रडायचा, परत झोपायचा. उठला तेव्हा भुकेला होता. हावरटासारखा जेवला.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे नाकारता येणार नाही. त्याने आईला प्लास्टर घातलेल्या हाताने काही करू दिलं नाही. चूल पेटवली, पाणी भरलं, नळ दुरुस्त केला, आणि या वेळी तो खरंच गळायचा थांबला. आईच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "मी नव्हतो गं तो. पुडी होती. परत हात लावला तर जळून जाईन." अंगावर थोडं मांस चढलं. डोळे जागेवर आले. मुकादमाने टाकेवालीला परत शिवण्यावर बोलावलं, तर तो म्हणाला, "जा की." सासूच्या चेहऱ्यावरची चिंता कमी झाली. भिंगरी तेवढी अजून त्याच्या हाताला लागत नव्हती. तो खोलीत आला की ती आजीच्या मागे जायची.

टाकेवाली राहायला तयार होती. लोकांना हे कळत नाही, पण ती तयार होती. पुडी आपणच डब्यात जपली, तर थोडा दोष आपलाही, असंही तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं. तिला फक्त एकच हवं होतं. त्याने एकदा तोंडाने म्हणावं, की तू काही केलं नव्हतंस. पोरीसमोर म्हणावं. कारण भिंगरी आता कधी कधी मधेच खेळ थांबवून विचारायची, "आई, पैलवानकाका खरंच नव्हते ना आले?" पोरीलाच खात्री राहिली नव्हती. टाकेवाली वाट बघत होती. विचारायचं नाही, मागायचं नाही, तो आपणहून म्हणेल, असं तिने ठरवलं होतं.

आणि एका सकाळी तो म्हणाला. चहा पिऊन झाला होता. उन्हं ओसरीत आली होती, पाठीवरचे वळ भरत आल्याने तिला थोडं टेकून बसता येत होतं. ड्रायव्हरने कप खाली ठेवला, भिंगरीला हाक मारली. ती आली नाही, आजीला चिकटून लांबच उभी राहिली. तो म्हणाला, "बरं, तिथूनच ऐक. सगळ्यांसमोरच सांगायचंय मला." मग त्याने टाकेवालीचा हात हातात घेतला. पट्टा लागलेला तोच हात. फार हळू घेतला.

"झालं गेलं विसरायचं आता," तो म्हणाला. "मी खूप विचार केला. मी तुला माफ केलं."

टाकेवालीला आधी वाटलं, शब्द चुकले असतील. "काय केलं?"

"माफ केलं. मनापासून. त्या पैलवानलाही मी काही बोलणार नाही. माणसाकडून होतात चुका. माझ्याकडून पुडीची झाली, तुझ्याकडून ती. फिटलं. आता नव्याने राहू."

तो हसला. नव्या लग्नात हसायचा तसा, गोड. टाकेवालीने त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. डोळे स्वच्छ होते. झोप पुरी झालेले, पोट भरलेल्या माणसाचे डोळे. त्यात पुडीचा कणही नव्हता. पुडी कधीच गेली होती. त्या पुडीने जागं केलेलं मात्र आत पाय पसरून बसलं होतं, आणि ते आता शांतपणे, दयाळूपणे बोलत होतं. टाकेवालीला क्षणभर मनापासून वाटलं, चहावालीच असती तर किती बरं झालं असतं.

तिने हात सोडवून घेतला. तो रागावला नाही. ती उठली, भिंतीवरची पिशवी काढली, पोरीचे दोन फ्रॉक आणि स्वतःचा एक जोड त्यात कोंबला. "भिंगरे, चपला घाल," ती म्हणाली. भिंगरीने कोपऱ्यातून चपला आणल्या आणि उलट्यासुलट्या पायात सरकवल्या.

ड्रायव्हर बसल्या जागेवरून हे सगळं पाहत होता. कुठे निघालीस, असं तो म्हणाला नाही. का, असंही नाही. कपाळावर एक आठी आली, आवाज किंचित खाली आला, आणि त्याने विचारलं, "कुणाबरोबर?"

टाकेवालीने पिशवी खांद्याला लावली. या प्रश्नाची उत्तरं तिच्याकडची संपली होती.

"माझ्याबरोबर," सासू म्हणाली.

म्हातारी खांबापासून पुढे आली होती. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला, चेहरा पांढरा. मुलाकडे तिने पाहिलं ते एकदाच. "माझ्याबरोबर निघालीये ती. माझ्या बहिणीकडे. आणखी काय विचारायचंय ते मला विचार."

तो उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. सासूने चांगल्या हाताने अंगणाच्या दाराची कडी ओढून बघितली. कडी घट्ट होती, एका हाताने निघेना, म्हणून टाकेवालीने पिशवी खाली ठेवली आणि ती काढली.